पाणी जपून

यांच्या हाताखाली वर्षभरात सात झाडं दगावली.
तुळस दोनदा. मोगरा. सदाफुलीसुद्धा.
कढीपत्त्याचं सोडा, तो आमच्याकडे कधीच लागला नाही.
बाकीची सगळी पाण्याने गेली.

एकतीस वर्षं हे महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले.
पहाटे चारला ती लांब लोखंडी चावी खांद्यावर,
रस्त्यातलं झाकण उचलायचं, वाकायचं,
आणि मोजून आटे फिरवायचे:
चारकोप आधी, पावणेसहाला बंद,
मग गोराईची पाळी.
खिडकीतून खिडकीला हाक जायची, पाणी आलं, पाणी आलं,
तोवर हे पुढच्या झाकणाशी.

आटे अजून बोटांत आहेत. मोजणी गेली.
चारला उठतात, तांब्या भरतात,
ग्रिलमधल्या कुंड्यांना पाणी घालतात.
पाचला पुन्हा पहिल्यांदा घालतात.
सहालाही पहिल्यांदा.
तांब्या लपवला, तर पेल्याने घालतात.

खाडीकडच्या रस्त्याला रामसमुझची नर्सरी.
त्याला म्हटलं, न मरणारं झाड दे.
तो म्हणाला, तसं विकलं तर गिऱ्हाईक परत कशाला येईल?
तरी मागच्या रांगेतून दोन युक्का ओढत आणले.
एकाची पानं मऊ, मधेच वाकलेली,
केस विंचरायचा कंटाळा केलेल्या पोरीसारखा.
दुसरा ताठ. प्रत्येक पानाच्या टोकाला सुई.
खारा वारा चालतो, म्हणाला, भिंतीची धग चालते,
गावाला जा महिनाभर, विचारणार नाही कुठे होता.
फक्त पाणी जपून.

मला हसू आलं. त्याला वाटलं, भाव पाडायला हसतेय.
पन्नास रुपये आपणहून कमी केले.

मी सुईवाला घेतला.
खरं सांगते, मनात होतं,
टोचलं की हात मागे घेतील.
रिक्षात मांडीवर धरून आणला, साडी दोन ठिकाणी ओढली गेली.

रात्री हे झोपल्यावर लाज वाटली.
नेलकटर घेऊन बसले ओट्याजवळ,
एकेका पानाचं टोक कापलं, जेमतेम तिळाएवढं.
त्रेचाळीस पानं.
मग तेच नेलकटर धुतलं
आणि निजलेल्या हाताची नखं काढली,
दर रविवारी काढते तशी. तो तर बुधवार होता.

ताहिरने ड्रमच्या बुडाला अकरा भोकं पाडली.
म्हणाला, काकी, ही कुंडी की चाळण?
खाली विटांचे तुकडे, वर खडी, जाड रेती,
माती फक्त दोन मुठी, नावापुरती.
वरून घातलेलं खालून जातं,
मुळांशी थांबत नाही.

जायचं कुठे? दुखंडे काकींच्या वाळत घातलेल्या चादरींवर.
तिसऱ्या दिवशी त्या तणतणत वर आल्या.
दार उघडंच होतं.
हे पाठमोरे, तांब्या तिरका, धार बारीक, अगदी जपून.
काकी उंबऱ्यात थांबल्या,
आणि चप्पल न वाजवता उतरून गेल्या.
संध्याकाळी पाहते तर त्यांच्या ग्रिलला बादली बांधलेली.
त्याच पाण्याने जिना पुसतात आता.

दोन पावसाळे गेले. जुलैत ड्रम आत ओढते,
खोलीत चालायला जागा उरत नाही.
फूल नाही अजून. खालची चार पानं पिवळी पडली, ती काढली.
बुडाशी एक पिल्लू फुटलंय, अंगठ्याएवढं.
काकींनी मागितलंय.
दिवाळीनंतर, म्हटलं, जखम सुकवून मग लावा,
आणि माती कमी. माती अगदी कमी.

सहाची वेळ. तिसरा तांब्या रिकामा होतो.
खालून काकींचा आवाज चढतो,
शिवडावकर, पाणी आलं हो!
हे मान हलवतात,
तांब्या खाली ठेवतात,
आणि रिकाम्या हाताने, वाकून,
हवेतले आटे उलटे फिरवत
बंद करतात.